वाचकांचे प्रश्न : कॉलेजला जायचे कसे, घरी परतायचे कसे

प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या की, इंदुरात ज्यांचे कोणी नातेवाईक आहेत अशा खानदेश, विदर्भ आणि पुण्याकडच्या घरांतून फोन सुरू होतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न फीचा असला तरी दुसरा हमखास जाण्यायेण्याचा असतो. या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी विद्यार्थ्यांच्या प्रवासासंबंधीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर थोडा आटोपता केला असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाला देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या खंडवा रोडवरील तक्षशिला परिसरात पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रवेश मिळाला आहे, पण वसतिगृहात जागा मिळाली नाही. भंवरकुआच्या आसपासच्या खोल्यांची भाडी फार वाटतात. सुपर कॉरिडॉरच्या बाजूला एका परिचितांकडे बऱ्याच कमी भाड्यात खोली मिळते आहे आणि तिकडे आता मेट्रोही झाली आहे असे ऐकतो. ती खोली घ्यावी का? जळगावहून येण्याजाण्याचा सोयीचा मार्ग कोणता, तेही कळवावे. (एक पालक, जळगाव)

उत्तर : कमी भाड्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण ती खोली घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सुपर कॉरिडॉर शहराच्या वायव्येला आहे आणि खंडवा रोड दक्षिणेला, त्यामुळे मुलाला रोज सकाळ-संध्याकाळ सबंध शहर ओलांडावे लागेल. मेट्रोचे म्हणाल, तर ३१ मे २०२५ रोजी सुरू झालेला तिचा पहिला टप्पा गांधीनगरसह पाच स्थानकांचा, साधारण सहा किलोमीटरचा आहे, आणि पुढे जे वर्तुळ आखलेले आहे ते विजयनगर, पलासिया, रेल्वे स्थानक, राजवाडा, विमानतळ असे फिरून पुन्हा गांधीनगरला मिळते. भंवरकुआ त्या वर्तुळात येत नाही. म्हणजे मेट्रो पूर्ण झाली तरी तुमच्या मुलाला वाटेत कुठेतरी उतरून दुसरे वाहन धरावेच लागेल, आणि आज तर मेट्रोचा त्याला काहीच उपयोग नाही.

खोली शोधताना किलोमीटर मोजण्यापेक्षा वाहन किती वेळा बदलावे लागते हे मोजावे. एका बसने होणारा आठ किलोमीटरचा प्रवास दोन वाहनांनी होणाऱ्या चार किलोमीटरच्या प्रवासापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो आणि वेळेचा अंदाजही बांधता येतो. इंदुरात या हिशेबाने पाहण्यासारखा रस्ता म्हणजे निरंजनपूरहून विजयनगर, पलासिया, गीताभवन, नवलखा आणि भंवरकुआ करत राजीव गांधी चौराह्यापर्यंत जाणारा, सुमारे साडेअकरा किलोमीटरचा आयबसचा मार्ग. २०१३ पासून या बससाठी रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र मार्गिका होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती काढून टाकण्यास परवानगी दिली, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या वेळा आता जशाच्या तशा धरून चालू नयेत. अमुक इतक्या मिनिटांत पोहोचतो असे कोणी सांगितले तर ते कोणत्या वर्षीचे बोलत आहेत हे जरूर विचारावे. तरीही या रस्त्याच्या कडेने, थांब्यापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर खोली मिळाली तर ती सुपर कॉरिडॉरच्या खोलीपेक्षा केव्हाही बरी, कारण भंवरकुआला उतरल्यावर विद्यापीठाचे फाटक तरुण मुलाला चालत जाण्याइतके जवळ आहे.

आता पैशांचा हिशेब. समजा दूरच्या खोलीचे भाडे दरमहा दीड हजारांनी कमी आहे. थांब्यापर्यंत पोहोचण्यासाठी आणि परत येताना ई-रिक्षाला किंवा मॅजिकला (शेअर टेम्पोला) मिळून रोजचे ८० रुपये गेले, तर महिन्याच्या २४ दिवसांचे १,९२० रुपये होतात आणि बसचे तिकीट त्यात धरलेलेच नाही. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घालून पाहा. बहुतेक वेळा वाचलेले भाडे रस्त्यात सांडलेले दिसेल.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही, कारण खोली पाहायला ते दिवसाउजेडी येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा दिवस चारला संपत नाही. प्रयोगशाळा असते, ग्रंथालय असते, शिवाय भंवरकुआ हा स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांचा भाग असल्याने तुमचा मुलगा परतायला निघेल त्याच वेळी तिथले हजारो विद्यार्थीही रस्त्यावर आलेले असतील. संध्याकाळी त्या चौकात उभे राहून पाहा : पाठीवरच्या पिशव्या पोटाशी घेतलेली मुले बसच्या दाराशी दाटलेली असतात, आणि बाजूला उभा असलेला मॅजिकवाला मागे सगळे अवघडून बसलेले असतानाही स्वतःच्या शेजारची जागा भरल्याशिवाय गाडी हलवत नाही. म्हणून खोली पसंत करण्यापूर्वी मुलाने एकदा रात्री आठच्या सुमारास विद्यापीठाच्या फाटकापासून त्या खोलीपर्यंत स्वतः जाऊन पाहावे. सकाळी जायला वाहन कुठूनही मिळते, अडते ते परतताना.

जळगावचा मार्ग मात्र तुमच्या मुलाच्या सोयीचा आहे. रेल्वेने भुसावळ, बुऱ्हाणपूर करत खंडव्याला यावे आणि तिथून सनावद, बडवाहमार्गे इंदूरला येणारी बस धरावी. ही बस सिमरोलवरून खंडवा रोडनेच शहरात शिरते, त्यामुळे सरवटे बसस्थानकापर्यंत जाऊन सामानासह उलटे फिरण्याची गरज नाही. विद्यापीठाजवळ किंवा भंवरकुआला उतरता येते. फक्त वाहकाला बसतानाच सांगून ठेवावे आणि मोठी बॅग डिकीत सर्वांत आत जाऊ देऊ नये. खंडवा हे मुंबई-इटारसी मुख्य मार्गावरचे स्थानक असल्याने जळगावहून गाड्यांची वानवा नाही. महू ते सनावद हा जुना मीटर गेज मार्ग रुंदीकरणासाठी बंद झालेला आहे, त्यामुळे पूर्वी कुणी खंडव्याहून थेट छोट्या गाडीने इंदूरला येत असल्याचे सांगितले तर ते आता विसरावे.

प्रश्न : शिक्षण सांभाळून हातखर्चासाठी संध्याकाळी दोन तास ॲपवर बाइक टॅक्सी चालवावी असा विचार आहे. मोटारसायकल वडिलांच्या नावावर आहे. काही अडचण? (एक विद्यार्थी, सुदामानगर)

उत्तर : अडचण विम्याची आहे. खासगी दुचाकीची विमा पॉलिसी स्वतःच्या वापरासाठी असते आणि भाडे घेऊन माणूस किंवा माल नेणे त्यातून वगळलेले असते. अपघात झाला आणि मागे बसलेला भाड्याचा प्रवासी होता हे सिद्ध झाले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि नुकसानभरपाईचा बोजा वाहनमालकावर, म्हणजे तुमच्या वडिलांवर येऊ शकतो. ॲपची कंपनी जो विमा देते म्हणून सांगते त्याचा कागद हातात घेऊन त्यात चालक, प्रवासी आणि तिऱ्हाईत यांपैकी कोणाचे संरक्षण आहे हे वाचावे, आणि वडिलांना न सांगता हे काम सुरू करू नये.

प्रश्न : मी रामबागेत राहते आणि राऊच्या पुढच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात आहे. महाविद्यालयाची बस आहे, पण तिचे वर्षाचे पैसे एकदम भरावे लागतात. आई म्हणते, बसच घे. दादा म्हणतो, सिटी बसचा पास काढ. आणि शेजारच्या काकू म्हणतात की मुलींना रेल्वेचा पास फुकट असतो. खरे काय? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : तिघांचेही थोडे थोडे खरे आहे, आणि काकूंचे म्हणणे तर नियमात बसणारे आहे. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत रेल्वेचा द्वितीय वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रमुखांची सही-शिक्का असलेला दाखला लागतो आणि पास स्थानकाच्या खिडकीवर काढावा लागतो. ही सवलत पुष्कळांना माहीतच नसते. इंदूर-महू मार्गावर राऊ हे स्थानक आहे, त्यामुळे कागदोपत्री तुमचे काम होते.

पण पास फुकट असला तरी प्रवास फुकट होत नाही. रामबागेतून इंदूर स्थानकापर्यंत एक वाहन, राऊ स्थानकापासून महाविद्यालयापर्यंत दुसरे, आणि मध्ये मोजक्याच गाड्या. सकाळची एखादी गाडी तुमच्या पहिल्या तासाशी जुळेलही, परंतु दुपारी तीनला तास सुटला आणि परतीची गाडी पाचनंतर असली तर ते दोन तास तुम्ही कुठे घालवणार? वेळापत्रक हाती घेऊन जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही गाड्या जुळतात का ते पाहावे. दोन्ही जुळत असतील आणि महाविद्यालय स्थानकापासून चालत जाण्याजोगे असेल, तर बेलाशक हाच पर्याय घ्यावा.

जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, ज्या लोहमार्गाने तुम्ही जाल तो मुळात होळकर संस्थानाच्या पैशावर उभा राहिलेला आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने दिले होते. रेल्वेला कर्ज देणारा राजा आपल्या गावाचा होता, हे गाडीची वाट पाहत बसलेल्यांना ठाऊक असावे एवढ्यासाठी लिहिले.

सिटी बसचा विद्यार्थी पास अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्टकडून मिळतो. महाविद्यालयाचे ओळखपत्र किंवा शिक्कामोर्तब झालेला अर्ज, छायाचित्र आणि आधार कार्ड बरोबर न्यावे. पासचा फायदा केवळ सवलतीचा नाही. सुट्टीच्या दिवशी शिकवणीला, बाजारात किंवा मैत्रिणीकडे जाण्यासाठीही तो वापरता येत असेल, तर महिन्याकाठी त्याची किंमत सहज वसूल होते. म्हणून पास एका मार्गापुरता आहे की सर्व मार्गांसाठी, हे काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

महाविद्यालयाच्या बसविषयी पैसे भरण्याआधी कार्यालयात काही गोष्टी तोंडी नव्हे, लेखी विचारून घ्याव्यात. परीक्षेच्या काळात पेपरची वेळ बदलली तर बस त्या वेळेला धावते का, ज्यादा तास किंवा संमेलनाची तालीम असली तर परतीची दुसरी फेरी आहे का, आणि मध्येच बस सोडली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असेच येते, आणि म्हणूनच वर्षाचे पैसे एकदम मागितले जातात. सहामाहीचा हप्ता मागून पाहावा. दोन-चार पालकांनी मिळून अर्ज केला तर संस्था ऐकतात असा अनुभव आहे.

आमचे मत विचाराल, तर पहिल्या वर्षी, तासांचे वेळापत्रक ठरलेले असताना आणि रस्ता अंगवळणी पडलेला नसताना, आईचे ऐकावे. दुसऱ्या वर्षापासून तास विखुरतात, शिकवण्या लागतात, आणि मग सकाळी एकदा व संध्याकाळी एकदाच धावणारी बस सोयीपेक्षा बंधन अधिक होते. तेव्हा दादाचा सल्ला ऐकावा.

प्रश्न : मुलीसाठी पुण्याहून स्कूटर इंदूरला पाठवायची आहे. स्कूटर माझ्या नावावर असून नोंदणी महाराष्ट्राची आहे. चालवत नेऊ की रेल्वेने पाठवू? मध्य प्रदेशात पुन्हा नोंदणी करावी लागते का? (एक वडील, पुणे)

उत्तर : चालवत नेऊ नये. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत बिजासनचा घाट आहे आणि त्या रस्त्यावर मालट्रकांची वर्दळ रात्रंदिवस असते.

रेल्वेने दुचाकी दोन प्रकारे पाठवता येते. तुम्ही स्वतः त्याच गाडीने प्रवास करणार असाल तर तिकीट दाखवून ती लगेज म्हणून नोंदवता येते, आणि प्रवास करणार नसाल तर पार्सल म्हणून. नोंदणी पुस्तिका व विमा यांच्या प्रती आणि मालकाचे ओळखपत्र लागते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी असावी लागते, आणि हे काम घरीच करून जावे. पार्सल कार्यालयाबाहेर ऐनवेळी नळी आणि बाटली शोधत फिरणारे लोक नेहमी दिसतात. तिथले हमाल गाडीला पेंढा आणि गोणपाट बांधून सुतळीने आवळतात. हँडल, आरसे आणि मागचा दिवा यांवर जाड वेष्टण आहे का ते स्वतः पाहावे, आरसे तर काढून डिकीत ठेवलेले उत्तम. गाडीवर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, स्थानक आणि फोन क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून दोन ठिकाणी बांधावा. पार्सलची पावती मुलीकडे आधी पोहोचवावी, कारण ती दाखवल्याशिवाय इंदूरला गाडी ताब्यात मिळत नाही, आणि पोहोचलेली गाडी न सोडवता पडून राहिली तर स्थान-आकार, म्हणजे जागा अडवल्याचे शुल्क, लागू लागतो.

नोंदणीविषयी कायदा असा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाकडून कलम ४८ खालील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा अर्ज करून मागता येतो. मुलगी दर उन्हाळ्यात स्कूटर पुण्याला नेत असेल तर गोष्ट वेगळी, पण तीन वर्षे गाडी इंदुरातच राहणार असेल तर हा खर्च आणि हे हेलपाटे धरूनच निर्णय घ्यावा. आमचा सल्ला विचाराल, तर पुण्याची जुनी स्कूटर तिथेच विकून मध्य प्रदेशात नोंदलेली, एखाद्या उत्तीर्ण होऊन चाललेल्या विद्यार्थ्याची गाडी नीट कागदपत्रे करून घ्यावी. दरवर्षी परीक्षा संपल्यावर अशा गाड्या विक्रीला निघतात. नावावर हस्तांतर झाल्याखेरीज पूर्ण रक्कम मात्र देऊ नये.

वाहन चालवण्याचा परवाना देशभर चालतो, तो बदलण्याची गरज नाही. प्रदूषण प्रमाणपत्र आणि विमाही चालतो. कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये असली तरी कायद्याने ग्राह्य आहेत. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर महाराष्ट्राने सक्तीची केलेली उच्च सुरक्षा नंबरपाटी पुण्यातच बसवून घ्यावी.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. दुचाकीच्या विम्याबरोबर जो पंधरा लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा असतो. स्कूटर तुमच्या नावावर आणि चालवणार मुलगी, म्हणजे तिला काही झाल्यास त्या विम्याचा तिला लाभ नाही. तिच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढावा किंवा स्कूटरच तिच्या नावावर करावी. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि ते दोन असावेत, कारण मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने बंधनकारक आहे आणि मैत्रीण मागे बसणारच आहे.

प्रश्न : सिमरोलच्या आयआयटीत प्रवेश झाला आहे. धुळ्याहून पहिल्यांदा सामान घेऊन येताना कुठे उतरावे? धुळ्याहून रेल्वे केव्हा होणार? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : धुळ्याची बस सेंधवा, खलघाटवरून आग्रा-मुंबई रस्त्याने राऊकडून शहरात येते आणि सिमरोल खंडवा रोडवर आहे, म्हणजे दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. सामान जड असेल तर शहरात येऊन खंडव्याच्या दिशेची बस किंवा टॅक्सी धरावी. प्रवेशाच्या दिवसांत संस्थेच्या स्वतःच्या बसगाड्या शहरातून कुठून सुटतात हे प्रवेशपत्रासोबतच्या सूचनांत पाहावे. रेल्वेचे म्हणाल, तर धुळे जिल्ह्यातून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च १८,०३६ कोटी रुपयांचा धरला आहे आणि काम २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे सांगितले आहे. तुमची पदवी एसटीवर आणि खासगी बसवरच होणार असे समजून चाला.

प्रश्न : दिवाळीत पुण्याला घरी जाण्यासाठी विद्यार्थ्यांना रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते असे समजते. संकेतस्थळावर तसा पर्याय सापडत नाही. सवलत बंद झाली का? (एक विद्यार्थी, भंवरकुआ)

उत्तर : बंद झालेली नाही. करोनाच्या काळात ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती गेल्या, परंतु दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या राहिल्या. सुट्टीत घरी जाण्यासाठी द्वितीय वर्ग आणि शयनयान यांच्या मूळ भाड्यात सर्वसाधारण विद्यार्थ्यांना ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत आहे. वयाची मर्यादा अनुक्रमे २५ आणि २७ वर्षे असून संशोधक विद्यार्थ्यांसाठी ती ३५ आहे. आरक्षण शुल्क आणि सुपरफास्ट शुल्क पूर्ण द्यावे लागते. वातानुकूलित वर्गात ही सवलत नाही, त्यामुळे नागपूरला जाणाऱ्यांना वंदे भारतमध्ये तिचा उपयोग होत नाही. तत्काळ तिकिटावरही ती मिळत नाही.

सवलतीचा अर्ज रेल्वेने शिक्षणसंस्थेला दिलेल्या पुस्तकातून फाडून, प्रमुखांच्या सही-शिक्क्याने मिळतो आणि तो आरक्षणाच्या खिडकीवर द्यावा लागतो. संकेतस्थळावर पर्याय दिसत नाही तो यामुळेच. अर्जात घरचे गाव तेच लिहिले जाते जे प्रवेशाच्या नोंदीत आहे, म्हणून घर पुण्याला असताना मुंबईच्या मावशीकडे जाण्यासाठी हा अर्ज चालत नाही.

खरी मेख वेळेची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या गाड्यांची शयनयानाची तिकिटे पहिल्याच दिवशी संपतात, आणि सवलतीचा अर्ज मात्र तुम्ही सुट्ट्या जाहीर झाल्यावर मागायला जाता. अर्ज साठ दिवसांच्या आधीच हाती असायला हवा, म्हणजे कार्यालयातील बाबूंची मनधरणी गणपती येण्याच्या बऱ्याच आधी सुरू करावी लागते. उशीर झाला आणि खिडकीवरून प्रतीक्षा यादीतले तिकीट घेतले, तर ते घेऊन शयनयानात चढू नये. तसे चढण्याला नियमाने कधीच परवानगी नव्हती, आणि १ मे २०२५ पासून या नियमाची अंमलबजावणी कडक झाली आहे. दंड भरून सर्वसाधारण डब्यात जावे लागते. आरएसी तिकीट मिळाले तर निदान बसायला जागा निश्चित असते, ते सोडू नये.

इंदूर-पुणे गाड्या रतलाम, वडोदरा, सुरत असा पश्चिमेचा वळसा घेऊन जातात, त्यामुळे रस्त्यापेक्षा रेल्वेचे अंतर दीडपटीहून अधिक भरते. तरीही सवलतीचे तिकीट हाती असेल तर सणासुदीला खासगी बसचे दर पाहता रेल्वेच परवडते.

प्रश्न : नात पुण्याला एका प्रवेश परीक्षेसाठी एकटीच रात्रीच्या स्लीपर बसने जायचे म्हणते. आमच्या काळी असे नव्हते. तिला जाऊ द्यावे का? (एक आजोबा, रामबाग)

उत्तर : आजोबा, जाऊ द्यावे, पण वाहन आणि परतीची वेळ आपण आणि नातीने मिळून ठरवावी.

मध्य प्रदेशाचे स्वतःचे राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला आणि तेव्हापासून इंदूरहून बाहेरगावी जाणारी बहुतेक वाहतूक खासगी बसवाल्यांच्या हाती आहे. त्यांत चांगलेही आहेत आणि वाईटही, आणि बाहेरून पाहता फरक कळत नाही. नातीला सांगावे की तिकीट काढताना केवळ भाडे न पाहता बस पुण्यात किती वाजता आणि नेमकी कोठे सोडते ते पाहावे. पहाटे चारला बाह्यवळणावर उतरवणारी बस स्वस्त असली तरी घेऊ नये, उजाडल्यावर शहरात पोहोचणारी घ्यावी. चढल्याबरोबर संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी आणि काच फोडण्याची हातोडी कुठे आहे ते पाहून ठेवावे, आणि त्या खिडकीपुढे सामान किंवा जादा गादी ठेवलेली दिसली तर तिथल्या तिथे बोलावे. हे बोलायला मुली संकोचतात, म्हणून आपण आधीच सांगून ठेवलेले बरे. बसचा क्रमांक तिने सुटण्यापूर्वी घरी कळवावा. संकटात ११२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो.

महाराष्ट्राच्या एसटीची गाडी मिळाली तर तिथे महिलांना असलेली निम्म्या भाड्याची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच मिळते, हे तिला माहीत असू द्यावे, म्हणजे वाहकाशी वाद होणार नाही.

रेल्वेने जायला ती तयार असेल तर आमची पसंती रेल्वेलाच आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत शयनयान वर्गात महिलांसाठी सहा शायिकांचा वेगळा कोटा असतो आणि एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीला वयाची अट न लागता तो घेता येतो; आरक्षण करताना सर्वसाधारण कोट्याऐवजी महिला कोटा निवडावा लागतो, एवढेच. साधी तिकिटे संपलेली असतानाही या कोट्यात कधी कधी जागा शिल्लक असते. गाडीत काही अडचण आली तर १३९ वर फोन करता येतो. परीक्षेची तारीख ठरलेलीच आहे, त्यामुळे जाण्याचे आणि येण्याचे अशी दोन्ही तिकिटे आजच काढावीत, आणि परीक्षा संध्याकाळी उशिरा संपणार असेल तर परतीचे तिकीट दुसऱ्या दिवसाचे घ्यावे.